लहान लेन्ससाठी पॅडेड पाऊच: आधी माप, मग तळ, जाडीचं नंतर बघू

विचारणाऱ्याकडे तीन लेन्स आहेत: कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम, त्याच कंपनीची २४ मिमी एफ २.८ पॅनकेक (म्हणजे बुटकी, चपटी लेन्स) आणि अडॅप्टर लावून वापरायची जुनी सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२. कॅमेऱ्यासाठी वेगळी बॅग नको आहे. लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली ज्या सॅकमध्ये रोज असते, तिच्यातच या लेन्स न्यायच्या आहेत. प्रश्न चार आहेत. निओप्रीनचा मऊ पाऊच घ्यावा की चेनचा कडक केस? एस, एम, एल यांतलं कुठलं माप बसेल? जाडी किती हवी? आणि पाऊच जितका जाड तितकी लेन्स सुरक्षित, हे बरोबर ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तीन त्याच्यावरच अडकलेत. तर, हे बरोबर नाही. किंवा फार थोड्या अर्थाने बरोबर आहे.

लेन्स उघडणं, साफ करणं, पुन्हा जुळवणं हे माझं रोजचं काम. टेबलावर येणारी लेन्स पाहिली की ती कुठे आणि कशी मार खाऊन आली, ते बऱ्याचदा मालकाने सांगण्याआधीच दिसतं. उंचावरून फरशीवर पडलेल्या लेन्स येतातच. पण लहान लेन्सच्या बाबतीत त्याहून जास्त येतात त्या बॅगेतच हळूहळू खराब झालेल्या. फिल्टरच्या आट्यांना पोचा पडलेला असतो, फोकस रिंग फिरवताना आत खरखर लागते, मागच्या सोनेरी संपर्कबिंदूंवर ओरखडे असतात, पुढच्या काचेवर कडेला अर्धचंद्रासारखी एक बारीक रेघ असते, म्हणजे कॅप निघून आतल्या आत घासत राहिलेली. यातलं काहीच एका मोठ्या धक्क्याने झालेलं नसतं. म्हणून ‘कुठला पाऊच सर्वांत जास्त वाचवेल’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘माझ्या सॅकमध्ये माझ्या लेन्सला नेमका कशाचा त्रास आहे’ हा विचारा. त्याचं उत्तर मिळालं की निवड बरीच सोपी होते.

पडण्याचा हिशेब एकदा करून टाकू, म्हणजे जाडीबद्दलचा भ्रम निघून जाईल. वस्तू पडून थांबताना तिला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट असेल, हे ढोबळपणे काढता येतं: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. ५ मिमी जाडीचा फोम काही पूर्ण ५ मिमी दबत नाही. ३ मिमी दबला असं धरू. एक मीटर म्हणजे १००० मिमी. १००० भागिले ३, म्हणजे झटका साधारण ३३० पट. १५ मिमीचा चांगला फोम १० मिमी दबला तर तोच झटका १०० पट होतो. फरक मोठा आहे, पण १५ मिमीचं अस्तर सगळ्या बाजूंनी लावलं तर ७ सेंटिमीटर व्यासाची लेन्स १० सेंटिमीटरची होते. असे तीन पाऊच सॅकमध्ये टाकल्यावर लॅपटॉप हातात घेऊन फिरावं लागेल. बाजारातले बहुतेक पाऊच ३ ते ८ मिमीच्या दरम्यान असतात. त्यांच्याकडून मीटरभर उंचीवरून पडलेली लेन्स वाचवण्याची अपेक्षा ठेवू नये. वाचली तर आनंदच आहे.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दडलेली असते. फोम किती दबेल हे त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर ठरतं. ५० एसटीएम जेमतेम १६० ग्रॅमची, २४ ची पॅनकेक १२५ ग्रॅमची. इतकी हलकी वस्तू कडक, घट्ट फोमवर आपटली तर फोम दबतच नाही, आणि कितीही जाड असला तरी तो लेन्ससाठी फळीच. उलट धातूची जड हेलिओस मऊ स्पंजावर आपटली की स्पंज पार चपटा होतो आणि खालची फरशी थेट लेन्सपर्यंत पोचते. म्हणून हलक्या लेन्सला मऊ फोम आणि जड लेन्सला थोडा दमदार फोम, असं साधं सूत्र मी ठेवतो. दुकानात उभं राहून हे कळायला अंगठा आणि तर्जनी पुरते. पाऊचची भिंत चिमटीत दाबा. दोन्ही बोटांची हाडं एकमेकांना सहज जाणवली तर तो फोम नावापुरताच आहे. सोडल्यावर तो लगेच पूर्ववत व्हायला हवा; खळगा तसाच राहिला तर महिनाभरात त्याच जागी पातळ होणार.

आता सॅकच्या आत काय चालतं ते बघू. चालताना चार्जरचा वीटेसारखा ठोकळा आणि त्याची पिन सतत कुठेतरी टेकत असते. बसायच्या वेळी सॅक खाली ठेवली की लॅपटॉपचं सगळं वजन एका बाजूला येतं. गर्दीत कोणी सॅकला रेटलं की आतल्या वस्तू एकमेकींवर दाबल्या जातात. आणि तळाशी बारीक धूळ, कागदाचे कण, कापसाचे तंतू, कधी वाळू. या चार गोष्टींविरुद्ध ५ मिमीचा पाऊच उत्तम काम करतो, माप बरोबर असेल आणि तो सगळीकडून बंद होत असेल तर.

दाबाचा मुद्दा ५० एसटीएमसाठी जास्त महत्त्वाचा. या लेन्सची पुढची नळी जवळच्या फोकसला बाहेर येते. तिचा फोकस मोटरवर चालतो, त्यामुळे कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून ती आत घेता येत नाही. नळी बाहेर असतानाच लेन्स काढून सॅकमध्ये टाकली आणि वरून लॅपटॉप टेकला, तर तो भार थेट फोकसच्या यंत्रणेवर जातो. लेन्स काढण्याआधी दूरवर फोकस करा, नळी आत गेली की कॅमेरा बंद करा. बोटाने ढकलून आत बसवायच्या भानगडीत पडू नका. हे पाऊचच्या विषयाबाहेरचं वाटेल, पण नळी बाहेर असलेल्या लेन्सला कुठलाही मऊ पाऊच वाचवू शकत नाही, म्हणून इथेच सांगितलं.

मापाकडे येऊ. लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे, कारण जाहिरातीतलं माप आणि लेन्सचं माप वेगवेगळ्या भाषेत असतं.

कंपनी लेन्सची लांबी देते ती माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या भागाच्या) कडेपासून पुढच्या टोकापर्यंत. दोन्ही कॅप तिच्यात धरलेल्या नसतात, आणि माउंटच्या मागे येणारा भागही नसतो. ५० एसटीएमचं छापील माप ६९.२ बाय ३९.३ मिमी. पुढची-मागची कॅप लावली की लांबी दोन-अडीच सेंटिमीटरने सहज वाढते. २४ ची पॅनकेक कागदावर २२.८ मिमीची आहे, कॅपांसह ती दुपटीच्या आसपास जाते. हेलिओसला अडॅप्टर कायम लावून ठेवत असाल (ठेवावा असंच मी म्हणेन, मग मागे कॅननचीच कॅप बसते आणि प्रत्येक वेळी आटे फिरवत बसावं लागत नाही) तर अडॅप्टरसकट मोजा. ५० च्या लेन्सला हूड (पुढे लावायचं उन्हाचं आवरण) उलटा लावून ठेवायची सवय असेल तर रुंदी हुडावरून घ्या. छापील आकडे विसरा आणि लेन्स जशी सॅकमध्ये जाणार आहे तशी तयार करून टेबलावर उभी करा.

उंची पट्टीने मोजा. त्यात नाडीचा पाऊच असेल तर किमान अडीच-तीन सेंटिमीटर मिळवा, कारण तोंड आवळल्यावर कापड कॅपच्या वर गोळा व्हायला जागा लागते. चेनचा असेल तर एक सेंटिमीटर पुरे.

रुंदीसाठी कागदाची एक पट्टी कापा, लेन्सच्या सर्वांत रुंद भागाभोवती गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे खूण करा. ५० एसटीएमसाठी ही पट्टी साधारण २१७ मिमी भरेल. तिची बरोबर मधोमध घडी घाला: १०८ ते १०९ मिमी. सपाट ठेवलेल्या पाऊचची आतली रुंदी किमान एवढी हवी, म्हणजे ११ सेंटिमीटर. पाऊच सपाट असताना त्याची रुंदी म्हणजे घेराचा निम्मा भाग असतो, व्यास नव्हे. हे लक्षात न घेता ‘माझी लेन्स ७ सेंटिमीटरची, म्हणजे ८ सेंटिमीटर रुंदीचा पाऊच सैल होईल’ असा हिशेब केला जातो. आठ सेंटिमीटर रुंदीच्या सपाट पाऊचमध्ये जेमतेम ५ सेंटिमीटर व्यासाची वस्तू जाते. तो ताणून बसवला तर शिवण उसवते.

विक्रेत्याने बाहेरची रुंदी दिली असेल तर जाडीचाही हिशेब धरावा लागतो. भिंत ५ मिमीची असेल तर आणखी सुमारे १६ मिमी मिळवा, वर शिवणीचं मार्जिन. म्हणजे ५० साठी बाहेरून साडेबारा-तेरा सेंटिमीटर. ही गडबड गोल तळाच्या, उभ्या राहणाऱ्या पाऊचमध्ये होत नाही. तिथे आतला व्यास आणि आतली उंची हे दोनच आकडे असतात. लोप्रोसारख्या काही कंपन्या हेच आकडे सेंटिमीटरमध्ये नावातच देत आल्या आहेत, ८ बाय ६, ९ बाय १३ वगैरे. असं नाव असलं की एस, एम, एलच्या गोंधळातून सुटका होते. कारण एस, एम, एल यांना काही प्रमाण नाही. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलपेक्षा मोठा निघू शकतो. जिथे आतलं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं नाही, तिथून मी घेत नाही.

घट्ट किती असावा? लेन्स आत घातल्यावर एका बाजूने एक बोट सरकेल, दोन सरकणार नाहीत, इतका. पाऊच कानाजवळ धरून हलवला तर आत काही सरकल्याचा आवाज यायला नको. सैल पाऊचमध्ये लेन्स फिरत राहते आणि दर फिरण्यागणिक मागची कॅप थोडी थोडी सैल होते. फार घट्ट असला तर वेगळाच त्रास: पुढच्या कॅपच्या चिमट्यांवर दाब येऊन ती आतच सुटते, आणि बाहेर येते ती उघड्या काचेची लेन्स. शिवाय ओढून काढताना हातात येते ती फोकस रिंग. हेलिओसला त्याचं फारसं काही वाटणार नाही, मोटरवाल्या नाजूक लेन्सला वाटतं.

यानंतर तळ. मला एकच गोष्ट तपासायची मुभा दिली तर मी तळ तपासीन. सॅक दिवसभरात कितीदा खाली ठेवली जाते याचा विचार करा. प्रत्येक वेळी तो छोटासा ‘धप्’ तळाशी असलेल्या वस्तूंनाच बसतो. आणि बहुतेक स्वस्त पाऊच सर्वांत कच्चे असतात ते नेमके तिथेच. दोन सपाट तुकडे एकमेकांवर ठेवून तीन बाजूंनी शिवलेला पाऊच असेल तर तळाशी फोम नसतोच, नुसती शिवण असते. लेन्सची कड त्या शिवणीवर बसते. गोल तळाच्या पाऊचमध्येही कधी कधी तळाला फक्त कापडाची चकती असते. पाऊच उलटा करून आत बोटं घाला आणि तळ दाबून बघा. बाजूंना जेवढी जाडी आहे तेवढी तरी तळाला असलीच पाहिजे. तळ कच्चा असलेला पाऊच बाकी सगळ्या बाबतींत आवडला असेल, तर ५ मिमीच्या पॉलिथिलीन फोमची गोल चकती कापून आत टाका. चकतीची जाडी उंचीच्या हिशेबात धरायची तेवढी आठवण ठेवा.

तोंडाचंही तसंच. नाडी आवळल्यावर मध्ये एक भोक राहतं. त्यातून धूळ जाते, आणि त्या जागी गादी काहीच नसते. चांगल्या पाऊचमध्ये नाडीच्या आत एक गोल फडका किंवा झडप शिवलेली असते. मी लेन्स पाऊचमध्ये माउंटची बाजू वर ठेवून घालतो. लेन्स बदलताना मागची कॅप पाऊचमध्येच काढता येते आणि बाहेर काढल्या काढल्या लेन्स कॅमेऱ्याला लावता येते. उलटं ठेवणारेही भेटतात. तळ भक्कम असेल तर दोन्ही चालतं.

साहित्याबद्दल. निओप्रीन हे कृत्रिम रबर, १९३० साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. पाऊचमध्ये असतं ते त्याचं फेसाळ रूप, पाणबुड्यांच्या पोशाखातलं. त्यातले बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, म्हणून ते पाणी शोषत नाही आणि ताणलं जातं. माप चार-पाच मिलिमीटरने इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतं. सॅकमध्ये जागा कमी खातं, आणि रिकामं झालं की चपटं होतं. दोष दोन. ताणलं की पातळ होतं, म्हणजे घट्ट बसवलेल्या ५ मिमीच्या पाऊचची जाडी लेन्सभोवती ५ मिमी राहत नाही. आणि दाबाला ते फारसा विरोध करत नाही. शिवणीच्या टाक्यांमधून पाणीही जातं, त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. शिंतोडे झेलेल, तेवढंच.

नायलॉनचं बाहेरचं कापड, मध्ये पॉलिथिलीनचा फोम, आत मऊ अस्तर, अशा पाऊचचा आकार टिकतो. लेन्स एका हाताने घालता-काढता येते. जड लेन्ससाठी मला हाच प्रकार बरा वाटतो. फोम कुठला आहे हे मात्र विचारा. पॉलियुरेथेनचा स्वस्त स्पंज काही वर्षांनी हवेतल्या ओलाव्यामुळे विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचा पिवळसर भुगा होऊ लागतो. जुन्या कॅमेरा बॅगा उघडल्यावर हाताला लागणारा तो चिकट भुसा हाच. तो अस्तरातून झिरपून फोकस रिंगच्या खाचांत गेला की काढताना जीव जातो.

कडक केस, म्हणजे साच्यात दाबून बनवलेला ईव्हीए फोमचा चेनवाला डबा, एका गोष्टीत सर्वांच्या पुढे आहे: चिरडण्याचा दाब तो स्वतः पेलतो. सॅक खच्चून भरायची सवय असेल, किंवा ती इतर सामानाखाली जात असेल, तर हाच घ्या. पण त्याला मापाची ढिलाई मुळीच चालत नाही. कडक आणि सैल केसमध्ये लेन्स खुळखुळ्यातल्या दाण्यासारखी आपटत राहते. त्यापेक्षा पातळ पाऊच परवडला. असा केस आधीच घेतला असेल तर आत मऊ कापडाचा किंवा फोमचा एक वेढा देऊन टाका.

अस्तर लोकरीसारखं केसाळ असेल तर मी टाळतो. मऊ लागतं खरं, पण त्यात कण रुतून बसतात आणि तंतू सुटत राहतात. तंतू मागच्या कॅपच्या कडेवर चिकटतो, कॅप काढताना लेन्सच्या मागच्या टोकावर जातो, आणि तिथून कॅमेऱ्यात. सेन्सरवरचा डाग आला कुठून म्हणून शोधत बसलेल्यांना मी आधी पाऊच उलटा करून दाखवायला सांगतो. गुळगुळीत विणीचं अस्तर बरं. ते फिक्या किंवा भडक रंगाचं असेल तर आणखी बरं, कारण काळ्या अस्तरात काळी कॅप दिसत नाही.

बंद करायच्या पद्धतींवर फार वेळ घालवायची गरज नाही. चेन धुळीविरुद्ध सर्वांत चांगली, फक्त तिचे दाते लेन्सच्या अंगाला लागू नयेत म्हणून आतून कापडाची पट्टी शिवलेली हवी, आणि दाते धातूचे नसावेत. वेल्क्रो पटकन उघडतो पण आवाज करतो. सभागृहात किंवा पक्ष्यांजवळ तो आवाज नको असतो, आणि सॅकमध्ये त्याची काटेरी बाजू शेजारच्या निओप्रीनला ओरबाडते. नाडी सर्वांत सोपी, हलकी, वर्षानुवर्षं टिकणारी. तिचं टोक मात्र सॅकच्या चेनमध्ये अडकणार नाही इतकं आखूड ठेवा. पट्ट्याला किंवा सॅकच्या बाहेर लटकवायचे हुक आणि कड्या असलेले पाऊच दिसतील. आत ठेवायचे असतील तर त्या कड्या नुसत्या अडगळ, आणि धातूच्या असतील तर शेजारच्या लेन्सला धोका. बाहेर लटकवलेली लेन्स दाराच्या चौकटीला आपटायला फार काही लागत नाही.

आता तुमच्या तीन लेन्स घेऊ. पॅनकेकला मुळात पाऊच हवाच का, हा माझा पहिला प्रश्न. कॅमेरा सॅकमध्ये जाणारच आहे, तर ती त्याच्यावरच लावलेली राहू दे. सर्वांत लहान आणि सपाट लेन्स कॅमेऱ्यावर असली की कॅमेराही कमी जागा घेतो आणि एक पाऊच वाचतो. कधी काढावी लागलीच तर ५० च्या पाऊचमध्ये ती तात्पुरती मावते, कारण दोघींचा घेर जवळपास सारखाच आहे, ६८.२ आणि ६९.२ मिमी व्यास. ५० च्या जागी ती, तिच्या जागी ५०. उंच पाऊचमध्ये ती खाली जाऊन बसेल आणि बोटांनी काढताना थोडी कसरत होईल, पण ते चालण्यासारखं आहे.

५० साठी ४ ते ५ मिमीचं निओप्रीन, तळाला तेवढीच जाडी, ताण न देता ११ सेंटिमीटर आतली रुंदी, आणि कॅपांसह मोजलेल्या उंचीवर तीन सेंटिमीटर. वर लिहिलेला दाबाचा त्रास तुमच्या सॅकमध्ये खरोखर आहे का, हे मला इथून दिसत नाही. लेन्स ठेवायच्या कप्प्यात तळहात घाला, सॅक नेहमीसारखी भरून चेन लावा जितकी लागेल तितकी, आणि बाहेरून कोणाला तरी सॅकला टेकायला सांगा. तळहाताला नकोसं झालं तर ५० साठी कडक केस घ्या, निओप्रीन नको.

हेलिओसला नायलॉन आणि दमदार फोमचा पाऊच द्या, आणि शक्यतो सॅकमध्ये वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. ती धातूची आहे, जड आहे, तिला फारसं काही होत नाही. तिच्या शेजारी असलेल्या प्लॅस्टिकच्या ५० ला मात्र होतं. पाऊच निवडताना आपण प्रत्येक लेन्सकडे मार खाणारी म्हणून बघतो. तुमच्या तिघींत एक मार देणारी आहे. पाऊचची खरी गरज तिला इतरांपासून दूर ठेवण्यासाठी आहे, त्यामुळे तिच्या पाऊचवर पैसे वाचवून ५० च्या पाऊचवर घालायचा मोह टाळा.

पाण्याची बाटली सॅकच्या बाहेरच्या जाळीत जात असेल तर तिथेच ठेवा. आतच ठेवावी लागत असेल तर लेन्स तिच्या खाली नकोत. बाटली गळली तर पाऊचचा फोम कामाला येत नाही. नायलॉनचा पाऊच एकदा ओला झाला की बाहेरून वाळलेला दिसतो, आतला ओलावा मात्र बराच वेळ राहतो.

इथून शेवटचा मोठा मुद्दा निघतो, जो विचारला नव्हता. पाऊच प्रवासासाठी आहे, लेन्स साठवायला नाही. सापेक्ष आर्द्रता काही दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली, हवा खेळती नसली आणि अंधार असला की काचेवर बुरशी धरायला पोषक स्थिती तयार होते. कपाटात बंद केलेला पॅडेड पाऊच यातल्या दोन अटी आपण होऊन पुऱ्या करतो, आणि कापडातले तंतू व हाताचा तेलकटपणा बुरशीला खाद्य पुरवतो. बुरशी काचेवरच्या लेपाला कोरते. लवकर सापडली तर पुसून निघते, उशीर झाला तर काच साफ होऊनही तिच्या जाळीची खूण राहते. चामड्याचे देखणे पाऊच या बाबतीत सर्वांत वाईट, कारण चामडं ओलावा धरून ठेवतं. घरी आलात की लेन्स पाऊचमधून बाहेर काढा आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता राहील अशा हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा. पाऊच तोंड उघडं ठेवून बाहेर वाळू द्या.

एका प्रसंगी मात्र लेन्स पाऊचमध्येच बंद राहू द्यायची. थंड खोलीतून किंवा थंड हवेतून एकदम उबदार, दमट जागी आलात तर काचेवर लगेच दव धरतं. पाऊच, आणि वरून सॅक, बंदच ठेवा. फोममुळे लेन्स हळूहळू तापते आणि दमट हवा तिच्यापर्यंत लगेच पोचत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उघडा. फरक फार मोठा असेल तर थंड जागेतच पाऊच प्लॅस्टिकच्या चेनवाल्या पिशवीत बंद करून मग बाहेर पडा.

एखाद्या लेन्ससोबत खोक्यात पातळ पिशवी आली असेल तर तिचं काय, तेही सांगून टाकतो. तिला गादी नाही, म्हणून ती एकटी तुमच्या सॅकला पुरणार नाही. टाकूनही देऊ नका. सुट्या कॅप आणि हेलिओसचा अडॅप्टर ठेवायला ती छान आहे. शीतपेयाच्या कॅनवर चढवायचं निओप्रीनचं आवरण वापरून काम भागवणारेही आहेत. कॅन साधारण ६६ मिमी व्यासाचा असतो, त्यामुळे ५० त्यात थोडी ताणून बसते. तोंडाला काहीच नसतं, आणि तळ अनेकदा नुसती चकती, पण तात्पुरतं म्हणून माझा आक्षेप नाही.

नवीन निओप्रीनला वास येतो. लेन्स ठेवण्याआधी पाऊच उलटा करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा. उन्हात नको, निओप्रीन कडक होतं. पुढेही अधूनमधून उलटा करून झटकत जा, नाहीतर चिकटपट्टी फिरवून तंतू उचला. वाळल्यावर तळाच्या शिवणीत बोट घालून बघा. सर्वांत शेवटी वाळते ती तीच.